धूर दिसला म्हणजे इंजिन गेलं?

"जुनी पिकअप धूर सोडायला लागली की इंजिन खोलावंच लागतं," असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. तसं नसतं. आधी धुराचा रंग बघा.

माल भरून खंबाटकी घाट चढताना काळा धूर आला, तर बहुधा इंजिनला हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उसाच्या फडातल्या फुफाट्यानं तो लवकर गच्च होतो. आरपार उजेड दिसत नसेल तर आधी तोच बदला. तरी धूर राहिला तर इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सपाट जागी, गाडी गार असताना आठवडाभर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा. पातळी उतरली तरी लगेच इंजिन खोलून बोअरचं (सिलिंडरचं) काम काढू नका, टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, सीलही गेलेलं असू शकतं.

थंडीत सकाळचा पांढरा धूर गाडी तापल्यावर थांबतो. थांबला नाही आणि कूलंटही (इंजिन गार ठेवणारं पाणी) घटलं, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, मेकॅनिकला दाखवाच.