विंडमिल येते पण राऊंड (स्पर्धेत नाचायची आपली पाळी) येत नाही, असं का होतं?

ब्रेकिंग म्हणजे ब्रेकडान्स शिकणाऱ्या बहुतेकांची प्रॅक्टिस हळूहळू पॉवरमूव्हकडेच, म्हणजे जमिनीवर अंग गोल फिरवायच्या जोरदार मूव्हकडेच सरकत जाते. विंडमिल, फ्लेअर, हेडस्पिन हे सगळं दिसायला भारी, व्हिडिओतही मस्त येतं, त्यामुळे दोन तास त्यातच जातात आणि टॉपरॉक (उभ्याने नाचणं), फूटवर्क (हात जमिनीला टेकून पायांच्या चाली), फ्रीझ (एका पोझमध्ये थांबणं) यांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं उरतात, तीही दमलेल्या अंगाने. मग कुणीतरी सांगतं की जरा बॅलन्स ठेव, आणि माणूस घड्याळ लावून चौघांना अर्धा-अर्धा तास वाटून देतो. मला ही वाटणीही पटत नाही. हे चार प्रकार शरीराकडून चार वेगळ्या गोष्टी मागतात, वेळ सारखा दिला की काम झालं असं नाही होत.

विंडमिलचंच घ्या. एका हाताचं कोपर पोटाच्या बाजूला कंबरेजवळ घट्ट रुतवायचं, त्या हातावर भार घ्यायचा, पाय झोकून खांद्यावर उतरायचं, पाय उघडे ठेवूनच पाठीच्या वरच्या भागावरून गोल फिरायचं, आणि फिरण्याचा वेग आहे तोवर कंबर उचलून परत त्याच हातावर यायचं. हे सगळं काही सेकंदात आणि जवळजवळ पूर्ण ताकदीने. अशा कामाला स्नायू आधी क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचा साठा वापरतात, आणि तो साठा फार लहान असतो. रिकामा झाला की साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो, पूर्ण भरायला मात्र तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे पडलं की लगेच उठून परत सुरू करणारा चौथ्या-पाचव्या वेळी कंबर खाली पडलेली विंडमिल करत असतो, आणि सराव त्याच खाली पडलेल्या विंडमिलचा होतो!

यात नुसती ताकद कमी पडते असंही नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना बोटांच्या चिमटीचा जोर नेमका कमी-जास्त करायचं कौशल्य शिकवलं, त्यातल्या काहींचा स्नायू आधी थकवून. थकलेले लोक त्या दिवशी मागे पडले हे ठीकच, पण दुसऱ्या दिवशी थकवा गेल्यावरही ते मागेच होते. त्यामुळे नवीन पॉवरमूव्ह वॉर्मअप झाल्यावर लगेच, ताज्या अंगाने, थोडे प्रयत्न आणि मध्ये भरपूर विश्रांती असंच करावं. विश्रांतीत नुसतं बसून राहायचं नसेल तर टॉपरॉक करा की हळूहळू, हातांना आराम आणि गाण्याचा ठेकाही अंगात उतरतो.

फूटवर्कचं गणित मात्र उलटं आहे. सिक्स-स्टेपमध्ये (हात टेकून सहा पावलांत गोल फिरायची चाल) जोर कमी लागतो, मेंदूला काम जास्त, कुठला पाय कुठे, कुठला हात कधी उचलायचा, आणि तिथून बाहेर कसं पडायचं. 1979 मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता, लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने हाताने पटापट पाडायचे, असे तीन क्रम. काहींनी एक क्रम पुरता घोटला, मग दुसरा, मग तिसरा, आणि काहींना तिन्ही सरमिसळ करून दिले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते, पण 10 दिवसांनी तपासलं तर सरमिसळ करणारे पुढे, आणि क्रम बदलून दिला तरी तेच पुढे! सरमिसळीत मेंदूला दर वेळी हालचाल नव्याने आठवून जुळवावी लागते, बहुधा म्हणूनच ती पक्की बसते.

राऊंड पण असाच असतो ना. पॅरिसच्या 2024 ऑलिम्पिकमध्ये गाणं डीजे लावत होता, नाचणाऱ्याच्या हातात ते नव्हतं, आणि परीक्षक पाच गोष्टी बघत होते, तंत्र, मूव्हचा साठा, सफाई, संगीताशी मेळ आणि स्वतःचं वेगळेपण, पाचही सारख्या वजनाच्या. पॉवरमूव्हला वेगळा कप्पाच नव्हता. सुवर्ण मिळालं जपानच्या आमीला आणि कॅनडाच्या फिल विझार्डला, दोघांच्याही राऊंडमध्ये एका मूव्हमधून दुसऱ्यात जाणं बघण्यासारखं आहे. म्हणून मला वाटतं सिक्स-स्टेपमधून बेबी फ्रीझ, तिथून विंडमिल, परत फूटवर्क असे जोड मुद्दाम, दर वेळी क्रम बदलून करावेत. फक्त मूव्ह अगदीच नवीन असेल तर आधी एकटी घोटून घ्या, जी अजून धड जमतच नाही ती सरमिसळीत टाकून उपयोग नाही.

आणि एक हिशोब कुणीच ठेवत नाही, मनगटाचा. कागदावर फूटवर्क, फ्रीझ आणि पॉवर हे तीन वेगळे विषय दिसतात, पण मनगटाला तिन्हीकडे भार आहे, सुटका फक्त टॉपरॉकमध्ये. त्यात स्नायू काही आठवड्यांत तयार होतात पण टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, जास्त वेळ लागतो, म्हणजे ताकद आली असं वाटतं तेव्हा मनगट अजून मागेच असतं. एकाच जागी वर्षानुवर्षं भार आला तर काय होतं याचं एक टोकाचं उदाहरण 2024 मध्ये डॉक्टरांनी नोंदवलंय, जवळपास 19 वर्षं हेडस्पिन करणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर मोठा फुगवटा आला होता आणि तो शेवटी ऑपरेशन करून काढावा लागला. त्यामुळे फ्रीझचा जोरदार दिवस झाला की दुसऱ्या दिवशी टॉपरॉक, पोट-कंबरेचा व्यायाम, स्ट्रेचिंग असं काहीतरी ठेवा.

एक चांगली गोष्ट म्हणजे कमावलेलं टिकवायला कमावण्याइतका वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा जरी पूर्ण जोराने व्यायाम केला तरी ताकद काही महिने टिकते असं अभ्यासांत दिसलंय, अट एवढीच की जोर कमी करायचा नाही. त्यामुळे विंडमिल पक्की झाली असेल तर तिला आठवड्यातून एक सेशन पुरेल, बाकीचे दिवस जे कच्चं आहे त्याला द्या.