मोठ्या जनावराला गोळी कुठली? या भांडणाची पार्श्वभूमी

हत्ती, गेंडा, केप बफेलो, सिंह, बिबट्या. शिकारी मंडळी यांना 'डेंजरस गेम' म्हणतात, म्हणजे असं जनावर जे नुसतं पळून जात नाही, उलटून अंगावर येतं. यांच्यासाठी रायफल कुठली यावर लोक तासन्‌तास भांडतात, .३७५ घ्या, .४१६ घ्या, .४५८ शिवाय बातच नको वगैरे (हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात). पण जनावराच्या अंगात रायफल जात नाही, गोळी जाते. ती गोळी कशाची आहे, कातडीवर फुटते की हाडातून पार होते, यावर शिकारी घरी जेवायला जाणार की नाही ते ठरायचं, आणि गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बघितला तर दर वेळी तेच झालंय, बंदुकीची दारू सुधारली, वेग वाढला आणि कालपर्यंत चांगली म्हणून वापरलेली गोळी नेमक्या वेळी दगा देऊन गेली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रकार संपला आणि केनियाने १९७७ ला बंदी घातली, त्यामुळे आज हा विषय मुख्यतः टांझानिया, झिम्बाब्वे, मोझांबिक, नामिबिया या बाजूचा. पण इतिहासात भारत दोनतीनदा अगदी मधोमध येतो, ते पुढे सांगतोच.

सुरुवात काळ्या दारूपासून. काळ्या दारूची अडचण अशी की ती कितीही ठासली तरी गोळीचा वेग सेकंदाला साधारण १५०० फुटांच्या आसपासच घुटमळतो. वेग वाढत नाही, मग जोर वाढवायचा तर गोळी जड करा, एवढाच मार्ग. म्हणून ते बोअरचे आकडे. एक पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या किती गोल गोळ्या होतात तो बोअर, त्यामुळे आकडा जितका लहान तितकी गोळी मोठी. १२ बोअर सगळ्यांना माहीत असते, पण हत्तीला ८ बोअर आणि ४ बोअर लागायची. ४ बोअर म्हणजे पाव पौंडाची गोळी, ११३ ग्रॅम! फ्रेडरिक सेलूस हा इंग्रज शिकारी १८७१ ला एकोणीस वर्षांचा पोरगा असताना दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि सुरुवातीची वर्षं असल्याच तोंडाने भरायच्या बंदुकांनी हत्ती मारले, आणि नंतर स्वतःच लिहून ठेवलं की त्या धक्क्यांनी आपल्या नेमबाजीची वाट लागली, कधी हातात धरल्या नसत्या तर बरं झालं असतं. सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याकडे तर अर्ध्या पौंडाचा फुटणारा गोळा टाकणारी एक बंदूक होती, तिचं नाव त्याने ठेवलं होतं 'बेबी'. ती उडवायला तो स्वतःच घाबरायचा.

गंमत म्हणजे गोळीच्या मालमसाल्याचा वाद तेव्हाही होता. नुसतं शिसं मऊ, हत्तीच्या कवटीवर आपटलं की चपटं होऊन अडकायचं. म्हणून त्यात कथील मिसळ, अँटिमनी मिसळ, पारासुद्धा घालून बघायचे लोक, गोळी कडक व्हावी म्हणून. म्हणजे आजची सॉफ्ट (आत जाऊन फुलणारी) आणि सॉलिड (न फुटता आरपार जाणारी) ही विभागणी तेव्हाच्या ओतकामाच्या पळीतच सुरू झाली होती.

मग १८५० नंतर आली एक्सप्रेस रायफल. पर्डी या इंग्रज बंदूकवाल्याने आगगाडीवरून ते नाव उचललं म्हणतात. कल्पना उलटी होती, गोळी हलकी, दारू भरपूर, टोकाला पोकळ भोक, कधी त्यात तांब्याची नळी. चितळ, सांबर, काळवीट यांच्यावर एकदम झकास, जागच्या जागी आडवं. पण मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर, चांदा, सातपुडा या बाजूला, हीच रायफल घेऊन साहेब लोक वाघावर जायला लागले तेव्हा कळलं की खांद्याच्या जाड हाडावर ही गोळी वरच्यावरच फुटते. जखम बघायला मोठी, रक्त भरपूर, पण आत फुप्फुसापर्यंत काही पोचलेलंच नाही आणि वाघ झुडपात जिवंत बसलाय. जखमी वाघाच्या मागावर पायी जायची वेळ यायची ती बऱ्याचदा असल्या गोळीमुळे, आणि त्याची किंमत साहेबापेक्षा हाकेवाल्यांनीच जास्त मोजली हे वेगळं सांगायला नको.

खरी उलथापालथ १८८४ नंतर. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू काढली, १८८६ ला लेबेल रायफल आली, इंग्रजांची कॉर्डाइट १८८९ ची. वेग एकदम दोन हजार फुटांच्या वर. आता उघडं शिसं नळीतल्या आट्यांना चिकटायला लागलं, म्हणून शिशावर धातूचं कवच चढवायची आयडिया, जी स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिनने १८८२ लाच करून ठेवली होती, ती सगळ्यांनी उचलली. पूर्ण कवच असलेली गोळी न फुटता आरपार जाते, सैन्याला वाटलं छान. पण १८९५ च्या चित्रळ मोहिमेत तक्रार आली की .३०३ ची नवी गोळी लागूनही माणूस थांबत नाही, चालतच येतो. यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं कवच थोडं मागे घेतलं आणि शिसं उघडं ठेवलं. हीच ती बदनाम डमडम. १८९९ ला हेगच्या परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असं ठरलं, पण ते माणसांच्या युद्धापुरतं, जनावरांना कुठलीच परिषद नव्हती. त्यामुळे पूर्ण कवचाची सॉलिड सैन्याकडे आणि हत्तीवाल्यांकडे, आणि उघड्या टोकाची सॉफ्ट बाकी सगळ्या शिकाऱ्यांकडे, अशी वाटणी झाली ती आजपर्यंत.

१८९८ ला लंडनच्या रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली, ४८० ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम ३१ ग्रॅम, वेग २१५० फूट. सेलूसच्या ११३ ग्रॅमपुढे ही म्हणजे किरकोळच, पण हत्तीच्या डोक्यात ही जास्त खोल जायची. ४ बोअर, ८ बोअर एका फटक्यात म्हाताऱ्या झाल्या.

आणि मग पुन्हा भारत. १९०७ ला इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० च्या रायफली आणि काडतुसं आणायलाच बंदी घातली. कारण शिकारीशी काही संबंध नाही, जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच मापाच्या होत्या, बऱ्याच बंडखोरांच्या हातात गेल्या होत्या, आणि सरकारला भीती की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या तिकडे पोचतील. झालं, हिंदुस्थानचं गिऱ्हाईक तर सोडवत नव्हतं, त्यामुळे इंग्लंडमधल्या प्रत्येक बंदूकवाल्याने .४५० च्या जरा पुढची आपापली मापं काढली, .४६५, .४७०, .४७५, .४७६. आज आफ्रिकेत जुनी .४७० डबल (म्हणजे दोन नळ्यांची) रायफल बघून लोक हळहळतात त्या मापाच्या जन्मामागे हा इंग्रज सरकारचा कागद आहे. कामगिरीत या सगळ्यांत उन्नीस-बीसचाच फरक, एवढी मापं लागतच नव्हती असं माझं मत. (असाच प्रकार नंतरही दिसतो. .३०३ लष्करी माप म्हणून सामान्य माणसाला मिळेना, मग आपल्याकडे .३१५ रुळली, जिच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' आणि '८ एमएम' कोरलेलं असतं, ते केएफ म्हणजे आपली पुण्याची खडकी.)

आता या इतिहासातला सगळ्यात भारी भाग. कारामोजा बेल नावाचा स्कॉटिश माणूस, हजाराच्या वर हत्ती मारले त्याने, आणि त्यातले बहुतेक ७ मिलिमीटर माउझरने! १७३ ग्रेन, म्हणजे ११ ग्रॅमची, गोल टोकाची पूर्ण कवचाची लष्करी गोळी. हत्ती मारणं वाईट ते वाईटच, पण हे जमलं कसं ते समजून घेण्यासारखं आहे. हत्तीचं डोकं बाहेरून एवढं मोठं दिसतं पण त्यातलं बरंचसं मधाच्या पोळ्यासारखं सच्छिद्र हाड असतं, मेंदू खूप मागे आणि खाली. बेलने कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे बसतो ते बघून ठेवलं होतं. मग फक्त अशी गोळी हवी जी वाकणार नाही, फुटणार नाही, सरळ जाईल. लांब, बारीक गोळीचं वजन तिच्या जाडीच्या मानाने जास्त असतं, त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. १७३ ग्रेनच्या ७ मिमी गोळीची ती .३०६ च्या आसपास, आणि आज डेंजरस गेमसाठी सगळीकडे चालणाऱ्या .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीची .३०५. म्हणजे या हिशोबात बेलची चिमुकली गोळी मोठ्या .३७५ च्या बरोबरीची.

आणि हेच काडतूस, इंग्रजी नावाने .२७५ रिग्बी, १९०७ ला जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर बक्षीस मिळालेल्या रायफलीत होतं. एकच काडतूस, एकीकडे हत्ती आणि दुसरीकडे बिबट्या. वाघ-बिबट्याची कातडी पातळ, तिथे सॉलिड मारली तर बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते, तिथे फुलणारी गोळीच पाहिजे. पण बेलचं बघून सरकारांनी धडा उलटाच घेतला, कारण त्याची नकल करणारे बरेच हौशी लोक हत्ती नुसते जखमी करून सोडत होते. म्हणून आज बऱ्याच आफ्रिकी देशांत .३७५ किंवा ९.३ मिमी ही खालची मर्यादा कायद्यात आहे. मला ते योग्यच वाटतं, बेलसारखा हात कोणाकडे आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची वेगवान काडतुसं, आली आणि तोच जुना एक्सप्रेसवाला रोग परत आला. १९४६ ला जॉन नोस्लर नावाचा अमेरिकन कॅनडात मूसच्या (हरणाच्या जातीतलं मोठं जनावर) शिकारीला गेला, अंगावर चिखल वाळून कडक झालेला मूस, आणि .३०० एच अँड एच च्या गोळ्या वरच्यावरच फुटल्या. त्याने घरी येऊन गोळीच्या पोटात मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली, पुढचं शिसं फुलेल पण मागचं शाबूत राहून आत जाईल. तीच पार्टिशन बुलेट, १९४८ पासून विकायला लागला. पुढे ट्रॉफी बाँडेड, स्विफ्ट ए-फ्रेम वगैरे याच लाइनीत, कोणी भिंत घातली तर कोणी शिसं कवचाला डाग दिल्यासारखं जोडून टाकलं.

१९५६ ला विंचेस्टरने .४५८ काढली, कागदावर ५०० ग्रेन आणि २१३० फूट, म्हणजे जुन्या डबल रायफलीचं काम स्वस्त बोल्ट रायफलीत. पण आखूड नळकांड्यात दारू इतकी दाबून भरलेली की काही वर्षांनी तिचे गठ्ठे व्हायचे, नीट जळायची नाही, वेग पडायचा. १९५९ ला मोझांबिकमध्ये जॅक लॉट नावाच्या शिकाऱ्याला .४५८ च्या गोळ्या खाऊनही बफेलोने तुडवलं, आणि त्याच रागातून १९७१ ला .४५८ लॉट हे लांब काडतूस जन्माला आलं.

सॉलिडचाही भाव याच काळात पडला. स्टीलचं कवच आणि आत शिसं असलेली जुनी इंग्रजी सॉलिड चांगली होती, पण किनॉक या इंग्रज काडतूस कंपनीने १९७० च्या आसपास नायट्रो एक्सप्रेसची काडतुसं बनवणंच थांबवलं, आणि बाकीच्यांच्या पातळ कवचाच्या सॉलिड हाडावर वाकायच्या, बुडातून शिसं बाहेर पिचकायचं. ऑस्ट्रेलियाच्या वुडलीने १९८० च्या दशकात जुन्या मापांच्या गोळ्या परत बनवायला घेतल्या नसत्या तर त्या डबल रायफली नुसत्या भिंतीवर राहिल्या असत्या. त्यानंतर शिसंच काढून टाकायचा जमाना आला, अख्खी गोळी पितळेची किंवा तांब्याची. टोकाचा आकारही बदलला. गोल टोकाची गोळी मांसात काही अंतर गेल्यावर तोल जाऊन आडवी होऊ शकते, पण पुढून चपटं असलेलं टोक मांस बाजूला फेकून स्वतःभोवती पोकळी करतं, गोळीचे खांदे कशाला लागतच नाहीत, त्यामुळे ती सरळ जाते. आज बहुतेक नव्या सॉलिड चपट्या टोकाच्याच.

पहिली गोळी सॉफ्ट, मग मॅगझिनमध्ये सगळ्या सॉलिड, हा बफेलोसाठीचा जुना नियम अजून चालतो. त्यामागचं कारणही साधं, कळपात उभ्या बफेलोला पहिलीच सॉलिड मारली तर ती पार होऊन मागच्या जनावरालाही लागते, पण एकदा जखमी होऊन तो पळत सुटला की मागून, कुठूनही, लांब आत जाणारी गोळी लागते.

तांब्याच्या गोळ्यांना आता पर्यावरणाचाही जोर मिळालाय, शिशाचे तुकडे खाऊन गिधाडं मरतात म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली. फक्त शंभर वर्षं जुन्या डबल रायफलींचा घोळ उरतो. त्यांच्या नळ्या पातळ, मऊ गोळीच्या हिशोबाने केलेल्या, अख्ख्या धातूची कडक गोळी दबत नाही, त्यामुळे कधी कधी आतले आटे नळीच्या बाहेरच्या बाजूला उमटलेले दिसायला लागतात. म्हणून कंपन्या आता गोळीच्या अंगावर चर पाडून, नळीला फक्त कडा घासतील अशा गोळ्या बनवतात, तरी जुन्या रायफलीचे मालक त्या घालताना अजून कचरतात.