श्रवणातील अवरोही मार्ग व अध्ययन

कानाकडून मेंदूकडे ध्वनिसंवेद नेणाऱ्या तंत्रिकामार्गांखेरीज मेंदूच्या वरच्या केंद्रांपासून खालच्या केंद्रांकडे आणि तेथून अंतर्कर्णापर्यंत उतरणारे तंतूही असतात. त्यांना अवरोही किंवा अपवाही श्रवणमार्ग म्हणतात. सराव, अनुभव व अवधान यांमुळे ऐकण्याच्या क्रियेत होणाऱ्या टिकाऊ बदलांत या मार्गांचा वाटा किती, एवढाच विचार या नोंदीत केला आहे.

श्रवण-बाह्यकाच्या (मेंदूच्या पृष्ठभागावरील श्रवणक्षेत्राच्या) सहाव्या थरातील तंतू मुख्यतः थॅलॅमस या मेंदूच्या आतील केंद्राकडे, तर पाचव्या थरातील तंतू मध्यमेंदूतील इन्फिरिअर कॉलिक्युलस या केंद्राकडे जातात. शेवटचा टप्पा मस्तिष्कस्तंभातील (मेंदूच्या तळाच्या देठातील) ऑलिव्हरी केंद्रसमूहापासून कॉक्लियापर्यंतचा, म्हणजे अंतर्कर्णातील शंखाकृती भागापर्यंतचा असून तेथील तंतूंच्या जुडीचे पद्धतशीर वर्णन ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्ये केले. अवरोही तंतूंचे उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सूक्ष्मरचनाविषयक लेखनातही सापडतात. तरीही कानापर्यंतची जोडणी दाखविण्याचे श्रेय रासमुसेन यांनाच देणे योग्य ठरते. मानवी कॉक्लियात सुमारे ३,५०० आंतर व सुमारे १२,००० बाह्य केशकोशिका (ध्वनिकंपने टिपणाऱ्या केसाळ कोशिका) असतात. मेंदूकडे जाणारी बहुतेक माहिती आंतर कोशिकांकडून जाते, तर बाह्य कोशिका आखडून-प्रसरून क्षीण ध्वनीचे वर्धन करतात. या जुडीतील मध्यवर्ती गटाचे तंतू बाह्य कोशिकांवरच येऊन संपतात व ॲसिटिलकोलीन या तंत्रिकासंदेशवाहक रसायनाच्या द्वारे हे वर्धन कमी करतात.

अवधानाचा परिणाम इतक्या खालपर्यंत पोहोचतो का, हा वाद १९५६ पासूनचा आहे. त्या वर्षी रॉबर्ट गालाम्बोस यांनी ही जुडी विद्युत्‌प्रवाहाने उद्दीपित केल्यास श्रवणतंत्रिकेचा प्रतिसाद घटतो, हे मांजरावर दाखविले. त्याच वर्षी राऊल एर्नांदेस-पेओन व सहकाऱ्यांचा अधिक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. जाग्या मांजराच्या कॉक्लियर केंद्रकात (कानाकडून येणाऱ्या तंतूंच्या मेंदूतील पहिल्या केंद्रात) विद्युत्‌अग्रे बसवून त्याला एकसारखे टिक्-टिक् आवाज ऐकविले असता नियमित प्रतिसाद मिळत होता. समोर काचेच्या बरणीतले उंदीर आणताच तो प्रतिसाद लहान झाला. अवधान दुसरीकडे वळले की मेंदू कानाची वाट पहिल्याच नाक्यावर अडवतो, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला आणि पाठ्यपुस्तकांत तो दीर्घकाळ टिकून राहिला. परंतु उंदीर दिसताच मांजर मान वळवते, कर्णपाळी फिरवते, मध्यकर्णातील स्नायूही आकुंचन पावतात. त्यामुळे कानात शिरणारा ध्वनीच बदलतो, ही हरकत पुढील संशोधकांनी घेतली. ध्वनीची पातळी कानापाशी काटेकोर राखल्यावर हा परिणाम खात्रीने आढळला नाही. म्हणून या प्रयोगाला आज ऐतिहासिक महत्त्वापलीकडे फारसे स्थान देता येत नाही. गालाम्बोस यांचे निरीक्षण मात्र टिकले आहे, पण त्याने मार्ग काय करू शकतो एवढेच कळते. प्राणी तो केव्हा वापरतो, हे कळत नाही.

अध्ययनाबाबतचा पुरावा मध्यमेंदूच्या पातळीवर अधिक भक्कम आहे. नोबुओ सुगा व सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या श्रवण-बाह्यकातील एका वारंवारतेचा भाग उद्दीपित केला असता खालच्या केंद्रांतील कोशिकांची प्रिय वारंवारता (जिला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात ती) सरकली. सरकण्याची दिशा मात्र जातीनुसार वेगळी होती. २०१० मध्ये ऑक्सफर्ड येथील बाहो, किंग व इतरांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या एका कानात बोळा घातला. सरावाने हे प्राणी आवाजाची दिशा पुन्हा ओळखू लागतात. पण बाह्यकाकडून कॉलिक्युलसकडे उतरणाऱ्या कोशिका निवडून नष्ट केल्यावर दोन्ही कान मोकळे असतानाची दिशाओळख बव्हंशी शाबूत राहिली, नव्याने शिकणे तेवढे खुंटले. अवरोही मार्ग ऐकण्यासाठी नव्हे, तर ऐकणे बदलण्यासाठी लागतो, असे यावरून दिसते.

बाह्यकात वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळी क्षेत्रे असतात; या वारंवारतेच्या नकाशांविषयी मत एक नाही. घुबडमाकडांना स्वरांतील सूक्ष्म फरक ओळखण्याचे शिक्षण दिल्यावर त्या वारंवारतेचे क्षेत्र विस्तारल्याचे १९९३ मध्ये आढळले, तर २०११ मधील उंदरांवरील प्रयोगांत विस्तारामुळे शिकणे वेगाने झाले, पुढे नकाशा पूर्ववत होऊनही कौशल्य राहिले. विस्तार हा शिकण्याचा एक टप्पा असावा, ते त्याचे कायमचे साठवण नसावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मानवात शिकण्याची सुरुवात पाळण्यातच होते. ‘त’ व ‘ट’ यांतील फरक नागपुरातले मूल, घरात मराठी असो वा हिंदी, सहज ऐकते. इंग्रजीभाषक घरांतील सहा-आठ महिन्यांची बाळेही तो ऐकतात, मात्र वर्ष पुरे होण्याच्या सुमारास त्यांची ही क्षमता ओसरते, असे वर्कर व टीस यांनी १९८४ मध्ये दाखविले. नागपूर परिसरात याच प्रकारची दुसरी घडण भेटते: वऱ्हाडी वळणात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हिंदीत ‘ळ’ हा स्वतंत्र वर्ण नाही, आणि अशा घरातून आलेल्याला प्रमाण मराठीतील ‘ळ’ व ‘ल’ वेगळे ऐकण्यास सराव लागू शकतो. हा बदल किती बाह्यकात व किती खाली घडतो, हे अशा वर्तनावरून ठरवता येत नाही.

गायक-वादकांच्या मस्तिष्कस्तंभातील प्रतिसाद अधिक स्पष्ट असतात, हे मत २००७ नंतर फार प्रचलित झाले. तथापि ज्या विद्युत्‌मापनावर ते उभे आहे त्यात बाह्यकाचाही वाटा असल्याचे २०१६ मध्ये दाखविले गेले, आणि २०२५ मधील बहुकेंद्री अभ्यासात संगीतशिक्षण व आरंभीच्या प्रतिसादांचा संबंध आढळला नाही. तंबोऱ्याचा उतरलेला पंचम वर्षभराच्या तालमीनंतर शिष्याला खटकू लागतो, हे खोटे नव्हे. त्याचे स्थान मस्तिष्कस्तंभात मानणे मात्र घाईचे ठरेल.

नागपुरातील सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत शेजारच्याचे बोलणे उचलण्यात कॉक्लियाकडील अवरोही तंतू मदत करतात, ही कल्पना आकर्षक आहे. गोंगाटातील उच्चार ओळखण्याच्या सरावापूर्वी या तंतूंची क्रिया ज्यांच्यात दुर्बळ होती त्यांच्यात सरावाने अधिक सुधारणा झाली व तंतूंची क्रियाही वाढली, असे २००८ मध्ये दे बूर व थॉर्नटन यांना आढळले. ही क्रिया कर्णजन्य ध्वनींवरून, म्हणजे कॉक्लियातच निर्माण होऊन कानाबाहेर येणाऱ्या क्षीण ध्वनींवरून मोजतात. नवजात बालकांच्या श्रवणतपासणीत हेच ध्वनी नोंदवले जातात, पण तेथे केवळ बाह्य केशकोशिका कार्यरत आहेत की नाहीत एवढेच पाहिले जाते.