फुल्ली-गोळा, पण दोन संगणकांवर

एकाच संगणकावर दोघांनी खेळायचा फुल्ली-गोळा लिहायला एक दुपार पुरते. तेच दोघे वेगवेगळ्या संगणकांवर बसले, की ‘पाचव्या घरात फुल्ली’ एवढीशी बातमी पलीकडे पोहोचवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

त्यासाठी सॉकेट, म्हणजे प्रोग्रामने नेटवर्कवर बोलायचं टोक. 1983 साली 4.2 बीएसडी या युनिक्स संगणकप्रणालीसोबत आलेली ही सोय आजही बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत त्याच नावांनी भेटते. सर्व्हर, म्हणजे मधे बसून खेळ चालवणारा प्रोग्राम, ‘बाइंड’ करून एक पोर्ट (संगणकावरचा ठरावीक क्रमांक) धरतो, ‘लिसन’ म्हणत वाट पाहतो. खेळाडूचा प्रोग्राम ‘कनेक्ट’ करतो आणि सर्व्हर ‘अ‍ॅक्सेप्ट’. दारावर वाट पाहणारं सॉकेट तसंच राहतं, प्रत्येक खेळाडूला बोलायला नवं सॉकेट मिळतं. सराव करायला दुसरा संगणकही लागत नाही, 127.0.0.1 हा पत्ता स्वतःचाच.

नवशिक्याची फजिती पुढे होते. सॉकेटमधून बाइट पोहोचवायची नेहमीची पद्धत म्हणजे टीसीपी. ती एकही बाइट गाळत नाही, क्रमही बदलत नाही, पण निरोप कुठे संपला हे सांगत नाही. तुम्ही ‘खूण 5’ आणि ‘पाळी’ असे दोन निरोप पाठवलेत, तरी पलीकडे एका दमात ‘खूण 5पाळी’ येऊ शकतं. किंवा अर्धंच. देवनागरीत तर आणखी गंमत: यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत ‘ख’ला 3 बाइट लागतात, त्यातले दोनच आधी आले तर अक्षरच तुटतं. स्वतःच्या संगणकावर हे सहसा दिसत नाही, म्हणून ही चूक फार दिवस लपून राहते. उपाय साधा आहे. प्रत्येक निरोपाच्या शेवटी नव्या ओळीची खूण टाकायची, आलेले बाइट साठवत जायचे आणि ओळ पुरी झाल्यावरच ती वाचायची.

पट मात्र सर्व्हरनेच सांभाळावा. पाळी कोणाची, घर रिकामं आहे का, हे त्याने तपासायचं आणि मगच दोघांना नवा पट पाठवायचा. खेळाडूच्या प्रोग्रामवर भरवसा ठेवलात, तर कोणीतरी एका पाळीत दोन फुल्ल्या मारणारच!

गाड्यांच्या शर्यतीत गणित बदलतं. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे 10,000 किलोमीटरवर जाऊन यायलाच 100 मिलिसेकंद. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या खेळात तेवढ्यात 6 चित्रं सरकतात. त्यात एक पॅकेट, म्हणजे वाटेवरचा माहितीचा एक तुकडा, हरवलं, तर टीसीपी ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं अडवून धरतो. गाडी मघाशी कुठे होती हे आता कळून काय करायचं? म्हणून असे खेळ बऱ्याचदा यूडीपी ही दुसरी पद्धत वापरतात. हरवलं ते हरवलं, पुढची जागा येतेच आहे. मधल्या वेळात तुमचा संगणक अंदाजाने गाडी पुढे नेतो. 1996 च्या क्वेकवर्ल्ड या इंटरनेटवरच्या नेमबाजीच्या खेळात खेळाडूची स्वतःची हालचाल अशीच आधी दाखवून टाकत. अंदाज चुकला, की सर्व्हरकडून खरी जागा येते आणि पडद्यावरची गाडी हिसका खाऊन मागे सरकते.