किंडरट्रान्सपोर्ट : फलाटाआधीचे कागद, फलाटानंतरची पत्रं

आई-वडिलांपासून दुरावलेल्या ज्यू मुलांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत रेल्वेचा फलाट हमखास येतो. गळ्यात क्रमांकाचा बिल्ला, हातात एक सुटकेस, खिडकीशी रडवेली आई. प्रसंग खरा आहे, नाझी राजवटीतल्या ज्यू मुलांना ब्रिटनला नेणाऱ्या किंडरट्रान्सपोर्ट या योजनेतला. पण ताटातुटीचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत झाला होता. आणि या कथांना सरसकट ‘युद्धकाळातल्या’ म्हटलं जात असलं, तरी बहुतेक गाड्या युद्ध सुरू होण्याआधीच निघाल्या.

९-१० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनी आणि ऑस्ट्रियात सिनॅगॉग (ज्यूंची प्रार्थनामंदिरं) जाळली गेली, दुकानं फोडली गेली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आलं. १५ तारखेला ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ पंतप्रधान चेंबरलेन यांना भेटलं. २१ तारखेला गृहमंत्री सॅम्युअल होर यांनी संसदेत मुलांना ब्रिटनमध्ये घेण्याच्या योजनेला संमती दिली. जर्मनीतले ज्यू आई-बाप मुलांचा विरह सोसायला जवळजवळ एकमुखाने तयार आहेत, असं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कार्यकर्त्यांनी सांगितल्याचा दाखलाही त्यांनी दिला.

अटी मात्र कडक होत्या. वय १७ च्या आत. मूल एकटं येणार. सरकारी तिजोरीतून खर्च नाही, भार स्वयंसेवी संस्थांवर. मुक्काम तात्पुरता, मुलं पुढे दुसऱ्या देशात जातील या गृहीतकावर. म्हणून १९३९ च्या सुरुवातीपासून दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. बेकारीच्या त्या दिवसांत मोठ्यांचे लोंढे सरकारला नको होते. या योजनेत आई-वडिलांना जागाच नव्हती. काही आयांना घरकामाच्या परवान्यावर ब्रिटनला येता आलं, पण मोलकरणीने मालकाच्या घरी राहायचं असल्यामुळे त्याच देशात असूनही मूल परक्या घरीच वाढलं. कादंबरीकारांनी या बाजूकडे फारसं पाहिलेलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

मुलांना स्वतंत्र व्हिसा लागत नसे. फोटो चिकटवलेलं दोन भागांचं ओळखपत्र पुरे. त्यामुळे काम भराभर झालं. निवड जर्मनीत तिथल्या ज्यू मध्यवर्ती संस्थेकडे, व्हिएन्नात ज्यू समाजसंस्थेकडे होती. अर्ज, फोटो, डॉक्टरचा दाखला. अनाथ, वडील छावणीत असलेली आणि अटकेचा धोका असलेली मोठी मुलं आधी. अपंग किंवा आजारी मुलांची नावं बहुधा मागेच राहायची.

पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ ला इंग्लंडच्या हारिच बंदरात उतरली. सुमारे २०० मुलं, त्यांतली बरीच बर्लिनमधल्या जाळलेल्या अनाथाश्रमातली. व्हिएन्नाची पहिली गाडी १० डिसेंबरची, तीत ६०० मुलं. तिची परवानगी गेरट्रूडा वाइसम्युलर या डच बाईंनी थेट नाझी अधिकारी आइकमानसमोर बसून मिळवली होती. सोबत उचलता येईल एवढंच सामान आणि १० मार्क. दागिने, मौल्यवान वस्तू न्यायला बंदी. सरहद्दीवर पहारेकरी सामान उलथंपालथं करत. हॉलंडमध्ये शिरल्यावर डच बायका फलाटावर गरम कोको आणि पांढरा पाव घेऊन उभ्या असत. तिथून हूक ऑफ हॉलंड हे डच बंदर, रात्रीची बोट आणि सकाळी हारिच.

ज्यांचं घर आधी ठरलेलं, ती मुलं लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात यजमानांच्या हवाली होत. बाकीची डोव्हरकोर्टच्या छावणीत. ही उन्हाळी सुट्टीची वसाहत, त्यामुळे तिच्या झोपड्या डिसेंबरच्या थंडीसाठी बांधलेल्याच नव्हत्या. रविवारी यजमान जोडपी मूल निवडायला येत. लहान, गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मुलींना लगेच घर मिळे, चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे मागे उरत.

प्रागचं काम वेगळं, एकेका मुलासाठी घर आणि हमी जमवून चाललेलं. प्रागमध्ये डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक, लंडनमध्ये निकोलस विंटन. त्यातून ६६९ मुलं सुटली. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि त्या दिवशीची सुमारे २५० मुलांची गाडी निघालीच नाही. सगळ्या मार्गांनी ब्रिटनला पोचलेली मुलं साधारण १० हजार. अमेरिकेत २० हजार मुलांना घेण्याचं विधेयक १९३९ मध्येच बारगळलं होतं.

मराठी वाचकाला इथे कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवेल. तिथली १९४३ ते १९४८ ची छावणी सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या पोलिश लोकांची, मुख्यतः कॅथलिक कुटुंबांची. दोन्हींची सरमिसळ करू नये.

युद्ध पेटल्यावर थेट टपाल बंद झालं. काही काळ तटस्थ देशांतल्या नातेवाइकांमार्फत पत्रं फिरली, मग उरला रेडक्रॉसचा छापील नमुना. २५ शब्द, फक्त घरगुती मजकूर, उत्तर त्याच कागदाच्या मागे, यायला महिने. लांबलचक पत्र १९४२ मध्ये व्हिएन्नाहून येताना दाखवलं, की कादंबरी तिथेच फसते. १९४० च्या उन्हाळ्यातही घोटाळा होतो. सोळा ओलांडलेली सुमारे हजार मुलं तेव्हा ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून ब्रिटिशांनीच तारेच्या कुंपणाआड टाकली, काहींना ‘ड्युनेरा’ जहाजातून ऑस्ट्रेलियाला धाडलं. पुढे १९४४ च्या कायद्याने लॉर्ड गॉरेल या मुलांचे कायदेशीर पालक नेमले गेले.

बहुतेकांच्या आई-वडिलांची पुन्हा भेट झाली नाही. जे थोडे वाचले, त्यांच्यासमोर सहा-सात वर्षांनी उभं राहिलेलं मूल अनेकदा जर्मन विसरलेलं होतं. काही घरांत पहिल्या भेटीला दुभाष्या बसवावा लागला.