आयरिश कथेत गे पुरुष एवढा उशिरा का आला?

१९४१ साली केट ओब्रायन यांच्या ‘द लँड ऑफ स्पाइसेस’ या कादंबरीवर आयर्लंडमध्ये बंदी आली, ती एका वाक्यापायी. नायिकेला आपले वडील आणि एक तरुण एकमेकांच्या मिठीत दिसतात, बस. पुढे वर्णन नाही, तपशील नाही. १९२९ च्या कायद्याने नेमलेल्या सेन्सॉर मंडळाला तेवढंही पुरलं.

आता लघुकथा हा तर आयरिश लेखकांचा हातखंडा. कथा ही समाजाच्या कडेला पडलेल्या, एकट्या माणसांची असते, असं कथाकार फ्रँक ओकॉनर यांचं म्हणणं. त्यात चपखल बसणारा गे पुरुष मात्र त्या कथेत अभावानेच सापडायचा.

मूळ दुखणं कायद्याचं. पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे १८६१ आणि १८८५ चे ब्रिटिश कायदे (डब्लिनच्या ऑस्कर वाइल्डना १८९५ मध्ये दोन वर्षं सक्तमजुरी झाली ती यातल्याच दुसऱ्याखाली) १९२२ नंतर स्वतंत्र आयर्लंडने जसेच्या तसे ठेवले. आपणही ३७७ कलम २०१८ पर्यंत सांभाळलं, तेव्हा हसायला जागा नाही.

व्यवहारात मात्र सगळं ‘माहीत आहे, पण बोलायचं नाही’ असं चाले. मीहॉल मॅकलिआमोर आणि हिल्टन एडवर्ड्स या जोडप्याने १९२८ मध्ये डब्लिनचं गेट थिएटर उभं केलं. त्यांचं नातं अख्ख्या शहराला ठाऊक होतं. १९७८ मध्ये मॅकलिआमोर गेले, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी एडवर्ड्सचं सांत्वन केलं. अर्थात ही मोकळीक रंगभूमीवरच्या नामवंतांपुरती. १९८२ मध्ये डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कात गे असल्याच्या कारणावरून एका तरुणाला टोळक्याने ठार मारलं. पुढच्या वर्षी आरोपींच्या शिक्षा स्थगित झाल्या, लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी या जुन्या कायद्यांना आव्हान देणारे डेव्हिड नॉरिस आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात ३ विरुद्ध २ मतांनी हरले. १९८८ मध्ये ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले, तरी कायदा बदलायला १९९३ उजाडलं.

१९९४ मध्ये डेव्हिड मार्कस यांनी गे-लेस्बियन आयरिश कथांचा संग्रह काढला. १९६८ पासून ‘आयरिश प्रेस’मध्ये नव्या लेखकांच्या कथा छापणारे हे संपादक म्हणजे साहित्यविश्वातलं भारदस्त नाव. माझ्या मते खरी दारं उघडली ती इथे.

पुढे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला कौल दिला आणि २०१७ मध्ये स्वतः गे असलेले लिओ वराडकर पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे आपल्याकडे बहुतेकांना पाठ आहे.

कथेला मात्र कोर्टकचेरीपेक्षा घरात जास्त रस. कोल्म तोबीन यांच्या २००६ च्या आई-मुलांवरच्या संग्रहातला फर्गस आईच्या पार्थिवापाशी बसलेला भेटतो. दफन उरकल्यावर मित्र त्याला समुद्रकिनारी रात्रभराच्या नाचगाण्याला नेतात आणि तिथे, गारठलेल्या पाण्यात, दुःख आणि एका मित्राची ओढ एकाच वेळी अंगावर येतात. कायद्याचा त्यात उल्लेखही नाही.