स्थितिदर्शक क्रियापदे आणि इंग्रजी अपूर्ण वर्तमानकाळ

जाणणे, आवडणे, हवे असणे, मालकीचे असणे अशा स्थिती सांगणाऱ्या इंग्रजी क्रियापदांना ‘आयएनजी’ लावण्याची सवय. ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘शी इज वॉन्टिंग अ पेन’ ही तिची ठळक रूपे. प्रमाण इंग्रजीत ती चूक धरतात. भारतीय इंग्रजीत ती सर्रास ऐकू येते. इंग्रजीचा अपूर्ण काळ चालू असलेली, अर्ध्यावरची क्रिया दाखवतो, आणि जाणणे काही अर्धवट चाललेले नसते. भाषेचा तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर याने १९५७ साली क्रियापदांचे चार वर्ग पाडले, त्यांत स्थितीचा वर्ग चालू क्रियांपासून वेगळा काढला तो याच कसोटीवर.

विदर्भातल्या खेड्यांत या सवयीला बोलीचे बळ मिळते. ‘मला समजतंय’ प्रमाण मराठीतही चालते, पण वऱ्हाडीत ‘राह्यला’चा साचा फार ऐसपैस आहे. ‘पाऊस येऊन राह्यला’ तसेच ‘मले समजून राह्यलं’, ‘भूक लागून राह्यली’, ‘नाव आठवून नाही राह्यलं’. हिंदीतल्या ‘रहा है’शी हा साचा जुळतो. तेव्हा ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ लिहिणारा पोरगा गोंधळलेला नसतो. आपल्या बोलीशी तो जरा जास्तच इमान राखतो.

‘आय ॲम हॅविंग टू एकर्स’ची गोष्ट निराळी. ‘माह्यापाशी दोन एकर वावर आहे’ यात ‘राह्यलं’ कुठेच नाही. इथे दोष बहुधा ‘ॲम, इज, आर म्हणजे आहे’ या घोकलेल्या तक्त्याचा. ‘आहे’ दिसले की ‘ॲम’ आले, आणि ‘ॲम’मागून ‘आयएनजी’.

  या सवयीवर उपाय म्हणून वर्गात सहसा ‘आयएनजी न लागणाऱ्या’ क्रियापदांची यादी पाठ करून घेतात. ती फार काळ पुरत नाही. ‘आय ॲम हॅविंग लंच’ बिनचूक आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणे. मॅकडोनाल्ड्सने तर २००३ मध्ये ‘आय’म लव्हिन इट’ हेच घोषवाक्य केले.

यादीपेक्षा कापसाचा काटा बरा. व्यापारी गाठोडे काट्यावर चढवतो तेव्हा ‘ही इज वेइंग द कॉटन’. काटा थांबला, आकडा दिसला, की ‘इट वेज फॉर्टी किलोज’. इंग्रजीत क्रियापद एकच. मराठीत मात्र व्यापारी कापूस मोजतो, आणि कापूस चाळीस किलो भरतो.